पास झाली ती केटल

आमच्या चाचणी प्रयोगशाळेत आलेल्या खोक्यातून सहा केटल निघाल्या. सोबत एका पिशवीत सुटे भाग: हीटरची प्लेट, कंट्रोल, बेसमधला कनेक्टर, कॉर्ड आणि केटलच्याच प्लॅस्टिकचे ३ मिलिमीटर जाडीचे चौकोनी तुकडे. क्षमता १.७ लिटर, २३० व्होल्ट, २००० वॅट. आत स्टेनलेस स्टील, बाहेर प्लॅस्टिक, खाली गोल बेस. केटल त्यावर कुठल्याही दिशेने ठेवली तरी बसते. कुठल्याही स्वयंपाकघरात दिसेल अशीच. दुकानात जाण्याआधी तिच्यावर काय काय गुजरलं ते क्रमाने लिहितो आहोत. घेणारा माणूस तळाशी छापलेलं चिन्ह पाहून निश्चिंत होतो. त्या चिन्हामागे काय तपासलेलं असतं आणि काय नसतं, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

प्रमाणक होतं आयईसी ६०३३५ (आयईसी ही विजेच्या वस्तूंची प्रमाणकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था). त्याचा भाग १ सगळ्या घरगुती उपकरणांना लागू असतो आणि भाग २ मधला १५ क्रमांकाचा विभाग द्रव तापवणाऱ्या उपकरणांसाठी आहे. त्यातला एक नियम बाहेरच्यांना ठाऊक नसतो: बहुतेक चाचण्या एकाच नगावर, एकामागून एक घ्यायच्या. ताजा नग प्रत्येक चाचणी एकेकटी सहज पार करतो. तापलेली, भिजलेली, दमट हवेत दोन दिवस राहिलेली केटल पुढच्या चाचणीत टिकते का, हा खरा प्रश्न असतो, कारण घरातही तिचे हाल असेच एकावर एक होतात. म्हणून एका केटलवर तारीख घालून तिला '१' नंबर दिला. दोन केटल मोडतोडीच्या चाचण्यांना काढल्या, एक जशीच्या तशी कपाटात ठेवली आणि दोन राखीव.

पहिले दोन दिवस एकही यंत्र चालू झालं नाही. एक केटल पूर्ण उघडायची आणि आत दिसेल ते उत्पादकाने दिलेल्या यादीशी ताडून पाहायचं, एवढंच काम. या यादीला क्रिटिकल कंपोनंट लिस्ट म्हणतात. कॉर्ड, प्लग, कंट्रोल, हीटर, थर्मल फ्यूज, आतल्या तारा, प्लॅस्टिकची ग्रेड. आणि प्रत्येकापुढे तो कोणी बनवला, मॉडेल काय, रेटिंग काय, त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र कुठलं. अतिशय कंटाळवाणा कागद. पण पुढे भांडण झालं तर निकाल याच कागदावर लागतो.

इथंच पहिली गफलत सापडली. यादीत कॉर्डच्या तारेचा छेद १ चौरस मिलिमीटर लिहिला होता, कॉर्डवर छापलेलं होतं ०.७५. २००० वॅटला २३० व्होल्टने भागलं की ८.७ अँपिअर येतात. ६ ते १० अँपिअरसाठी १ चौरस मिलिमीटरची तार हवी, पण कॉर्ड २ मीटरपेक्षा लांब नसेल तर ०.७५ चालते. मोजली तर कॉर्ड मीटरभरसुद्धा नव्हती. म्हणजे नियमात बसत होती, फक्त यादी चुकली होती. यादी दुरुस्त करून घेतली. ही कॉर्ड लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

मग तळावरची पाटी. पाण्याने भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद घासायची, मग पेट्रोलियम स्पिरिटमध्ये बुडवलेल्या फडक्याने आणखी १५ सेकंद. अक्षरं वाचता आली पाहिजेत आणि स्टिकरच्या कडा उचकटता कामा नयेत. नवीन मुलांना हा पोरखेळ वाटतो. पण चार वर्षांनी या मॉडेलमध्ये खोट निघाली आणि कंपनीने माल परत मागवला, तर आपली केटल त्यातली आहे की नाही हे ओळखायला घरात दुसरं काहीच नसतं. खोकं रद्दीत गेलेलं असतं आणि पावती पुसट झालेली असते.

वॅट मोजले: १९४६. २००० वॅटच्या हीटरला वर ५ टक्के आणि खाली १० टक्के सूट असते, म्हणजे १८०० ते २१०० मधलं काहीही चालतं. जोडांचं बोट घेतलं. हे १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब धातूचं बोट माणसाच्या बोटासारखं दोन ठिकाणी वाकतं. केटल उचललेली असताना बेसच्या मधल्या भोकातून ते जिवंत भागाला लागतं का ते पाहिलं. नाही लागलं. अर्थिंग तपासताना प्लगची अर्थची पिन आणि आतलं स्टीलचं भांडं यांच्यामधून २५ अँपिअर सोडले. कॉर्डचा रोध वजा करून मर्यादा ०.१ ओहम, आलेला आकडा ०.०४. हे सगळं एका सकाळी उरकलं.

तापमानाच्या चाचणीला मात्र दिवस गेला. काळ्या रंगाच्या २० मिलिमीटर जाड प्लायवूडचा कोपरा असतो, दोन भिंती आणि जमीन. केटल त्या कोपऱ्यात भिंतींच्या जवळ ठेवायची. लाकडात १५ मिलिमीटर व्यासाच्या, १ मिलिमीटर जाडीच्या, काळ्या केलेल्या तांब्याच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्या मागे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या बारीक तारांच्या जोड्या. केटलवरही थर्मोकपल लावले: मुठीवर, स्विचवर, कॉर्ड बेसमध्ये शिरते तिथं, कनेक्टरजवळ, आतल्या तारांच्या आवरणावर. थर्मोकपलची तार ०.३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड तार उष्णता ओढून नेते आणि आकडा खोटाच कमी येतो. डिंकाचा ठिपका मोठा झाला तरी तेच. चाचणी पास करून घ्यायची असेल तर सगळ्यात सोपी चलाखी इथं करता येते. म्हणून रिपोर्टमध्ये दुसऱ्याने लावलेल्या थर्मोकपलचे फोटो आम्ही आकड्यांच्या आधी बघतो.

वीज २३० व्होल्टची द्यायची नसते. हीटर लिहिलेल्या वॅटच्या १.१५ पटीने चालवायचा, म्हणजे २३०० वॅटने. या नगाला त्यासाठी २५० व्होल्ट द्यावे लागले. भिंतीच्या प्लायवूडचं तापमान खोलीपेक्षा ६५ अंशांहून जास्त वाढता कामा नये, साध्या कॉर्डच्या आवरणाचं ५० अंशांहून. थोडाच वेळ धरायच्या मुठीला धातू असेल तर ३५ अंशांची वाढ चालते, प्लॅस्टिक असेल तर ६०. साठचा आकडा ऐकून लोक दचकतात. पण प्लॅस्टिक हाताला उष्णता सावकाश देतं. तेवढ्याच तापलेल्या धातूने हात भाजेल, प्लॅस्टिक मात्र केटल खाली ठेवेपर्यंत सोसतं. आमच्या मुठीची वाढ ३१ अंशांवर थांबली. केटल गरम असतानाच लीकेज मोजलं, म्हणजे जिवंत भागातून बाहेरच्या भागाकडे झिरपणारा प्रवाह. अर्थिंग असलेल्या, उचलून न्यायच्या उपकरणाला मर्यादा ०.७५ मिलिअँपिअर, इथं ०.३. मग हायपॉट, म्हणजे वीज अडवणारं आवरण जास्त व्होल्टेजला टिकतं का ते पाहायची चाचणी: १००० व्होल्ट, १ मिनिट. काहीही फुटलं नाही.

आता पाणी. केटल १ टक्का मीठ घातलेल्या पाण्याने भरायची आणि क्षमतेच्या १५ टक्के किंवा पाव लिटर, यातलं जे जास्त असेल तेवढं पाणी एका मिनिटात वरून संथपणे ओतायचं. १.७ लिटरच्या केटलला २५५ मिलिलिटर. मीठ अशासाठी, की शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही आणि चाचणी फुकट जाते. पाणी मुठीतून आत शिरलं, स्विचच्या मागून खाली उतरलं आणि तळाच्या भोकातून गळून गेलं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पाणी अडवण्यापेक्षा त्याला बिनधोक वाट काढून दिलेली बरी, हे ज्याला कळतं त्याच्या केटल सहसा इथं अडत नाहीत. बेसवरही खारं पाणी ओतलं. हायपॉट पुन्हा पास.

आणि मग ती अडली.

दमट हवेची चाचणी दिसायला अगदी निरुपद्रवी असते. कपाटात ९३ टक्के आर्द्रता, ४८ तास, बस. वीज नाही, ताण नाही. बाहेर काढल्यावर लगेच, केटल थंड असतानाच, २३० च्या १.०६ पट म्हणजे २४४ व्होल्ट देऊन लीकेज मोजायचं. आकडा आला १.९ मिलिअँपिअर. मर्यादा तीच, ०.७५. मीटर तपासला, जोडण्या पुन्हा केल्या, आकडा हलला नाही. राखीव दोन नग ४८ तास कपाटात ठेवले. एकाचं लीकेज १.६ आलं, दुसऱ्याचं ०.४.

एकाच खोक्यातल्या तीन केटल, तीन आकडे. आमच्या दृष्टीने मर्यादा ओलांडण्यापेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर होती.

कारण हीटरच्या पोटात होतं. केटलच्या तळाला जी प्लेट असते तिला खालून एक नळी जोडलेली असते. नळीच्या मधोमध नायक्रोमच्या तारेचं वेटोळं आणि भोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी. भुकटी उष्णता उत्तम नेते आणि वीज अडवते, म्हणून ती वापरतात. पण तिचा एक दुर्गुण आहे: ती हवेतली ओल पिते, आणि ओली झाली की वीज अडवण्याची ताकद जाते. म्हणून नळीची दोन्ही तोंडं सिलिकोन किंवा इपॉक्सीने बंद करतात. कारखान्यात नळी आधी भट्टीत वाळवतात, मग तोंडं बंद करतात. या दोन पायऱ्यांमध्ये नळ्या पाळी बदलेपर्यंत ट्रेमध्ये पडून राहिल्या, तर भट्टीतून काढलेली ओल परत आत शिरते आणि वरून बूच बसतं. जी नळी भट्टीतून थेट पुढे गेली ती ०.४ वाली, जी ट्रेमध्ये थांबली ती १.९ वाली.

अशी केटल अर्धा तास चालवली की भुकटी वाळते आणि लीकेज खाली येतं. त्यामुळे तक्रार आली तरी दुरुस्तीवाल्याला काही सापडत नाही. 'चालू तर आहे' म्हणून ती परत येते आणि बंद कपाटात ओलसर दिवस काढून पुन्हा तशीच होते. धक्का बसेल एवढा हा प्रवाह नसतो, अर्थिंग नीट असेल तोवर. सॉकेटची अर्थिंग तुटकी असेल तर मात्र तोच प्रवाह भांड्याच्या स्टीलवर येऊन थांबतो. सुरक्षेच्या एका थराची कमतरता दुसरा थर झाकतो आणि दोन्ही ठिकाणी खोट असेल तेव्हाच ती माणसाला कळते. घरगुती वस्तूंच्या बहुतेक अपघातांचं गणित असंच असतं.

उत्पादकाने दोन बदल केले: तोंड बंद करायचं द्रव्य बदललं आणि भट्टीनंतर किती वेळात बूच बसलं पाहिजे याची मर्यादा घातली. नवे सहा नग आले. यांचे आकडे ०.२ ते ०.३५ मध्ये आले. दुसऱ्या बदलाचं महत्त्व पहिल्यापेक्षा जास्त, पण तो केटल उघडून दिसत नाही.

पुढची चाचणी बघायला लोक जमतात: रिकामी केटल चालू करणं. आपोआप बंद होणारी केटल १९५५ मध्ये रसेल हॉब्ज या ब्रिटिश कंपनीने 'के१' या नावाने आणली, आणि तिची युक्ती आजही तशीच आहे. पाणी उकळलं की वाफ एका बोळातून मुठीजवळच्या बायमेटलच्या पत्रीपर्यंत जाते. दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, पत्री टचकन उलटी वाकते आणि स्विच पडतो. म्हणजे केटल बंद होते ती पाण्याच्या तापमानाने नव्हे, वाफेने. झाकण उघडं राहिलं तर वाफ वरून निघून जाते, पत्रीला पत्ता लागत नाही आणि पाणी आटेपर्यंत उकळत राहतं. रिकाम्या केटलमध्ये तर वाफच नसते. तिथं दुसरा पहारेकरी लागतो: हीटरच्या प्लेटला टेकलेली दुसरी बायमेटल पत्री. ती अडकली तर तिसरा, एकदाच उडणारा थर्मल फ्यूज किंवा ठरावीक उष्णतेला वितळून संपर्क तोडणारा प्लॅस्टिकचा आधार.

आम्ही आधी रिकामी केटल चालू केली. वीस सेकंदांच्या आत प्लेटवरची पत्री उडाली. मग ती पत्री तारेने शॉर्ट करून टाकली आणि पुन्हा चालू केली. आता काही तरी जळणार हे ठरलेलंच. वास आला, तळाच्या प्लॅस्टिकची कड मऊ पडून थोडी खचली, आणि फ्यूज गेला. भिंतीचं तापमान खोलीपेक्षा १५० अंशांहून जास्त वाढलं नाही, ज्वाळा नाही, वितळलेला धातू नाही, खचलेल्या कडेतून बोट जिवंत भागापर्यंत जात नाही, थंड झाल्यावर हायपॉट पास. केटल कायमची बाद झाली, आणि निकाल 'पास'. पाहुण्यांना हे पटायला वेळ लागतो. केटल मेली तरी चालते, मरताना तिने कोणाला बरोबर नेता कामा नये.

कॉर्ड २५ वेळा ओढायची असते, प्रत्येक वेळी १ सेकंद. १ किलोपर्यंतच्या उपकरणाला ३० न्यूटन, ४ किलोपर्यंत ६०, त्यावर १००. मग पिळायची. बेसच्या तोंडाशी केलेली खूण २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकायला नको. ही चाचणी नापास होण्याचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं: कॉर्ड दाबून धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू, त्यातला एक अर्धवट आवळलेला. इथं दोन्ही घट्ट होते.

प्लॅस्टिकच्या चाचण्या आम्ही स्वतंत्र टेबलावर घेतो. ५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी २० न्यूटनच्या जोराने प्लॅस्टिकवर टेकवून १ तास भट्टीत ठेवायची. बाहेरच्या आवरणाला निदान ७५ अंश, जिवंत भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकला निदान १२५. बाहेर काढून १० सेकंदांत थंड पाण्यात टाकायचं आणि गोळीचा वण मोजायचा. २ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर नापास. मग तापलेली तार: ४ मिलिमीटर जाडीच्या निकेल-क्रोमच्या तारेचं टोक लालबुंद करून १ न्यूटनने ३० सेकंद प्लॅस्टिकवर टेकवायचं. साध्या आवरणाला ५५० अंश पुरतात, वीज वाहणाऱ्या जोडांना टेकलेल्या प्लॅस्टिकला ७५० किंवा ८५०. २०० मिलिमीटर खाली पाइनच्या फळीवर टिश्यू कागद पसरलेला असतो. प्लॅस्टिक पेटलं तरी तार काढल्यावर ३० सेकंदांत विझलं पाहिजे आणि पडलेल्या थेंबाने खालचा कागद पेटायला नको. पुष्कळदा प्लॅस्टिक स्वतः विझतं आणि नापास होतं ते त्या एका थेंबामुळे.

पाण्याला लागणाऱ्या प्लॅस्टिकची, म्हणजे पातळी दाखवणारी खिडकी, झाकणाची आतली बाजू आणि गाळणी यांची तपासणी रसायनाच्या प्रयोगशाळेत होते. तिथं ३ टक्के ॲसेटिक आम्लासारख्या द्रवात तुकडे ठेवून काय उतरतं ते मोजतात. युरोपीय संघात एकूण उतारा प्रत्येक चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅमच्या आत लागतो.

शेवटी रिपोर्ट झाला. शंभराच्या आसपास पानं, प्रत्येक कलमापुढे पास, नापास किंवा लागू नाही. आणि पहिल्याच पानावर छोट्या अक्षरात ते वाक्य, जे जगातल्या बहुतेक चाचणी रिपोर्टवर असतं: हे निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यांपुरते आहेत. प्रमाणपत्र एका पानाचं निघतं. त्यावर हे वाक्य असलं तरी जाहिरातीत ते कधीच जात नाही.

म्हणून प्रमाणपत्रानंतर कारखान्याकडे जावं लागतं. तिथं प्रत्येक नगाची आमच्यासारखी तपासणी होणं शक्य नसतं. लाइनवर प्रत्येक केटलला तीनच गोष्टी बघतात: अर्थिंगमधून १० अँपिअर, १००० व्होल्टचा हायपॉट फक्त १ सेकंद, आणि ती चालू होते का. एवढं पुरतं, बाकी सगळं नमुन्यासारखंच असेल तर. तपासनीसाने कपाटात सील करून ठेवलेला गोल्डन सॅम्पल, म्हणजे पास झालेल्या केटलचा मूळ नमुना, काढायचा, लाइनवरून एक नग उचलायचा आणि दोन्ही उघडून शेजारी मांडायचे. हायपॉटचं यंत्र खरंच धोका पकडतं का हे मुद्दाम बिघडवलेला नग लावून रोज तपासलं पाहिजे. त्याची वही मागायची. पूर्ण महिना एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेला दिसला तर तपासणी झालेलीच नाही असं समजायचं.

आठ महिन्यांनी याच मॉडेलचा एक नग बाजारातून उचलला. बाहेरून तीच. उघडली: कंट्रोल तेच, हीटर तोच, बूच सुधारलेलं. कॉर्डवर छापही तीच, ०.७५. पण कॉर्ड हाताला हलकी लागली. तारेचा एक बारीक धागा ब्लेडने खरवडला तर तांबूस पापुद्र्याखाली चंदेरी निघाला. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या मऊ तारेचा रोध २० अंशांना मीटरमागे जास्तीत जास्त ०.०२६ ओहम असतो, हिचा ०.०३९ भरला. ८.७ अँपिअरला तांब्याची तार मीटरमागे सुमारे २ वॅट खाते, ही ३. हा जास्तीचा एक वॅट फारसा घातक नाही. घातक असतो तो क्रिंप, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवलेला धातूचा जोड. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्याच्यावर ऑक्साइड धरतो, जोड सैल होतो आणि सगळी उष्णता त्या एका टोकाशी गोळा होते. शिवाय वाकवून वाकवून ते तांब्यापेक्षा लवकर तुटतं.

उत्पादकाला हे ठाऊक नव्हतं. कॉर्डवाल्याने छाप तीच ठेवून आतली तार बदलली होती आणि माल आत घेताना कोणी मीटर लावला नव्हता. हे आम्हाला पटलं, कारण बहुतेक वेळा असंच घडतं. लबाडी साखळीत दोन पायऱ्या खाली झालेली असते आणि नाव वरच्याचं जातं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा कंपनीने फोन परत घेऊन दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घातलेले फोन दिले. तेही पेटले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं जाहीर केली: पहिल्या बॅटरीत एका कोपऱ्यात इलेक्ट्रोड वाकत होते, दुसरीत वेल्डिंगच्या जागी टोकं राहिली होती. एकाच मॉडेलमध्ये दोन पुरवठादारांचे दोन निराळे दोष.

घेणाऱ्याने मग कशावर विसंबायचं? चिन्हांमध्ये फरक आहे, तो आधी ओळखावा. केटलवरचं 'सीई' हे चिन्ह उत्पादक स्वतः लावतो. वस्तू युरोपीय नियमांत बसते असं ते त्याचं स्वतःचं म्हणणं असतं आणि केटलसाठी बाहेरच्या संस्थेची तपासणी त्यात सक्तीची नाही. १८९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या यूएलसारख्या संस्थांची चिन्हं निराळी. तिथं नमुना तपासला जातो आणि नंतर कारखान्यावर अचानक भेटीही होतात. अशा चिन्हाजवळ परवान्याचा किंवा फाइलचा क्रमांक छापलेला असेल तर तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. तिथं दिसणारं कंपनीचं नाव आणि मॉडेल तुमच्या केटलच्या तळाशी जुळलं पाहिजे. क्रमांक खरा पण मॉडेल भलतंच, हा प्रकार ऑनलाइन मालात फार दिसतो.

पाटीवर व्होल्ट, वॅट, मॉडेल आणि बनवणाऱ्याचं किंवा जबाबदार विक्रेत्याचं नाव नसेल तर केटल परत करावी, चालवून बघूसुद्धा नये. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमांनुसार ऑनलाइन विक्रीच्या पानावरही उत्पादकाचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. पत्ता नसलेल्या विक्रेत्याकडून वीज लागणारी वस्तू घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. परत मागवलेल्या मालाच्या याद्या अमेरिकेत सीपीएससी ही ग्राहक-सुरक्षेची सरकारी संस्था आणि युरोपात सेफ्टी गेट हे युरोपीय संघाचं संकेतस्थळ प्रसिद्ध करतात. तिथं मॉडेल नंबर टाकायला मिनिटभर लागतं.

घरात बघण्यासारख्या खुणा थोड्याच आहेत, पण पक्क्या आहेत. केटल उचलून बेसच्या मधल्या खुंटीवर काळा डाग किंवा वितळलेली कड दिसते का पाहा. तिथं ठिणगी पडत असेल तर ती वाढतच जाते. प्लग सॉकेटमधून काढल्यावर पिना बोट ठेवता येणार नाही इतक्या तापल्या असतील तर दोष केटलचा किंवा सॉकेटचा. केटल दुसऱ्या चांगल्या सॉकेटला लावली की कोणाचा ते कळतं. लांब, बारीक एक्स्टेंशनवर केटल लावू नका. पाणी उकळून अर्धा-पाऊण मिनिट झालं तरी स्विच पडत नसेल तर आधी झाकण नीट लागतंय का बघा. पाणी असतानाही केटल मध्येच बंद पडत असेल तर प्लेटवर क्षाराचा जाड थर बसलाय. थराखाली प्लेट जास्त तापते आणि रिकाम्या केटलसाठीची पत्री चुकीच्या वेळी उडते. सायट्रिक आम्लाचं पाणी उकळून तासभर ठेवलं की थर सुटतो. ती पत्री रोज उडत राहू देऊ नका. आपोआप पूर्ववत होणाऱ्या अशा कटआउटची तपासणी ३०० वेळांपुरतीच होते, थर्मोस्टॅटची १०,००० वेळा.

आणि काही झालंच, म्हणजे धूर, धक्का किंवा वितळलेला तळ, तर प्लग काढा आणि पुढे काहीही करू नका. केटल पुसू नका, उघडू नका, फेकू नका. पाटीचा, कॉर्डवरच्या छापाचा आणि सॉकेटचा फोटो काढा. तक्रारीत बॅचचा क्रमांक लिहा. घासून चकचकीत करून पाठवलेल्या केटलमधून आम्हाला फारच थोडं कळतं. काजळी कुठल्या बाजूला आहे, प्लॅस्टिक आतून वितळलं की बाहेरून, क्रिंप कुठल्या टोकाचा काळा आहे, यावरून दोष हीटरचा, कॉर्डचा की भिंतीतल्या सॉकेटचा हे सांगता येतं.